पिशवी काढण्यापूर्वी : श्वेतप्रदराच्या रुग्णेतील प्रश्न, दर्शन व स्पर्शन

प्रास्ताविक

वडवणी हे बीड-परळी मार्गावरील तालुक्याचे गाव. भोवतालचा बराचसा भाग बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील, कोरडवाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात व कारखान्यांचे पट्टे पडले की फाल्गुन-चैत्रात परततात. त्यानंतरचे दोन महिने येथील वैद्याच्या बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार वारंवार ऐकू येते : "अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलीय, जीव गळून गेलाय." त्यापाठोपाठ पुष्कळदा दुसरे वाक्य येते : "डॉक्टर, पिशवी खराब झालीय म्हणत्यात. काढून टाकलेली बरी ना?"

म्हणजे रुग्णा व्याधीचे वर्णन घेऊन येत नाही, तर चिकित्सेचा निर्णय घेऊन येते. या निर्णयाचे परिणाम या जिल्ह्याने पाहिले आहेत. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रकर्मांचा प्रश्न २०१९ साली ऐरणीवर आल्यानंतर राज्य शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारणतः दर सहा महिलांमागे एक. पुढे २०२२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशयशस्त्रकर्मे टाळण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि ५ एप्रिल २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ती तीन महिन्यांत स्वीकारण्यास सांगितले.

या विषयाची सामाजिक व कायदेशीर बाजू मोठी आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्याहून मर्यादित आहे. ही रुग्णा शल्यचिकित्सकाच्या टेबलापर्यंत पोहोचण्यापूर्वी बहुधा गावातील एखाद्या वैद्याच्या खुर्चीसमोर बसलेली असते. तेथे प्रश्न, दर्शन आणि स्पर्शन ही त्रिविध परीक्षा यथास्थित झाली तर काय निष्पन्न होते, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

शास्त्रीय भूमिका

बृहत्त्रयीत श्वेतप्रदर हा स्वतंत्र व्याधी म्हणून सविस्तर वर्णिलेला नाही. योनीतून होणारा स्राव हे निरनिराळ्या योनिव्यापदांतील एक लक्षण म्हणून येते. चरकांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद सांगितल्या आहेत. ही बाब चिकित्सकाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. 'श्वेतप्रदर' असे लिहून चिकित्सापत्र सुरू करणे म्हणजे लक्षणालाच व्याधी मानणे होय. स्राव कशाचा, कोठून, कोणत्या हेतूने, हे ठरल्याविना ना शमन योग्य होते, ना शस्त्रकर्म.

परीक्षेच्या साधनांविषयीही शास्त्र संदिग्ध नाही. वाग्भटांनी दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रयी सांगितली. सुश्रुतांनी पाच ज्ञानेंद्रिये व प्रश्न असे सहा उपाय सांगितले. चरकांनी विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात रस वगळता इतर इंद्रियांनी प्रत्यक्ष परीक्षा करण्यास सांगितले आहे. म्हणजे स्रावाचा वर्ण, गंध आणि स्पर्श या गोष्टी आपल्या परीक्षेत मुळातच आहेत. आपण त्या सोडून दिल्या असतील तर तो दोष शास्त्राचा नाही.

प्रश्नपरीक्षा

प्रथम परिस्थिती. रुग्णेसोबत पती वा सासू असल्यास त्यांची विचारपूस आधी करून घ्यावी आणि नंतर काही वेळ रुग्णेशी एकटीशी बोलावे. सोबतच्या व्यक्तीसमोर मिळालेली उत्तरे आणि एकांतात मिळालेली उत्तरे यांत आम्हाला पुष्कळदा अंतर आढळले आहे. तपासणीच्या खोलीत परिचारिका असावीच.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या भागात 'अंगावरून जाणे' हा शब्दप्रयोग पांढऱ्या स्रावासाठी वापरतात आणि अतिरजःस्रावासाठीही. 'पांढरं की लाल?' एवढा प्रश्न न विचारल्यामुळे रक्तप्रदराच्या रुग्णेला श्वेतप्रदराचे औषध गेल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. 'उन्हाळी लागली' म्हणजे मूत्रदाह, 'अंग बाहेर येते' म्हणजे योनिभ्रंश, 'पिशवीला सूज' म्हणजे बहुधा सोनोग्राफीच्या अहवालातील एखादी ओळ. रुग्णेचा प्रत्येक शब्द तिला काय अभिप्रेत आहे हे विचारूनच नोंदवावा.

स्रावाविषयी पुढील गोष्टी क्रमाने विचाराव्यात.

१) पाळीशी संबंध : दोन पाळ्यांच्या मध्यावर काही दिवस येणारा स्वच्छ, लांब तार धरणारा स्राव, तसेच गर्भिणी अवस्थेत वाढणारा, गंध व कंडू नसलेला स्राव हा स्वाभाविक असतो. येथे औषधाची नव्हे, समजावून सांगण्याची गरज असते.

२) कंडू : दह्याच्या कवडीसारखा घट्ट, पांढरा स्राव व तीव्र कंडू असल्यास कफज योनिव्यापदाचे चित्र स्पष्ट होते. आधुनिक परिभाषेत हा बहुधा कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग असतो. येथे प्रमेहाची चौकशी आणि मागील काही महिन्यांत घेतलेल्या प्रतिजैविकांची चौकशी अवश्य करावी.

३) गंध : पातळ, करडट, माशासारखा वास येणारा आणि संबंधानंतर वास वाढणारा स्राव योनीतील जीवाणूंचे संतुलन बिघडल्याचे सुचवितो. यात कंडू व दाह अल्प असतात.

४) दाह : पिवळसर-हिरवट, फेसाळ, दुर्गंधी, दाहयुक्त स्राव पित्तप्रधान मानावा. ट्रायकोमोनासचा संसर्ग येथे विचारात घ्यावा. हा संसर्ग संबंधातून पसरतो. त्यामुळे पतीची चिकित्सा न केल्यास व्याधी परत येतो.

५) ज्वर व ओटीपोटातील वेदना : स्रावासोबत ही दोन लक्षणे असल्यास संसर्ग गर्भाशय व बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचल्याची शंका घ्यावी. पाळी चुकलेली असून एका बाजूस तीव्र शूल असल्यास प्रथम मूत्राची गर्भचाचणी करावी. गर्भाशयाबाहेरील गर्भ ही प्राणघातक अवस्था आहे आणि ती 'ओटीपोट दुखते' एवढ्याच तक्रारीने समोर येऊ शकते.

६) रक्त : संबंधानंतर रक्त येणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त येणे, पाळी बंद झाल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, मांसधावनासारखा दुर्गंधी स्राव. यांपैकी एकही उत्तर 'होय' असेल तर घरची चिकित्सा सुरू न करता गर्भाशयमुखाची तपासणी त्याच दिवशी व्हावी.

कर्म व निवास यांविषयीचे प्रश्न

निदानपंचकातील 'निदान' म्हणजे हेतू. ऊसतोड रुग्णेचा हेतू तिच्या दिनचर्येत दडलेला असतो. म्हणून आम्ही फडावरील दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत विचारून घेतो. पहाटे किती वाजता उठता? कोपीजवळ पाणी किती अंतरावर? शौचाची सोय कोठे? दिवसभरात पाणी किती पिता? मोळ्या डोक्यावरून वाहता का? पाळीतील कपडा कोठे धुता, कोठे वाळवता? शेवटचे बाळंतपण केव्हा झाले व किती दिवसांनी कोयता हातात घेतला?

उत्तरे बहुधा एकाच दिशेने जातात. आडोसा नाही म्हणून अंधार पडेपर्यंत मूत्रवेग धरला जातो. वेग येऊ नये म्हणून पाणी कमी प्यायले जाते. चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मूत्रवेगधारणाने बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र, शिरःशूल व वंक्षणप्रदेशी आनाह होतो असे सांगितले आहे. 'उन्हाळी' व ओटीपोटातील जडपणा यांची संगती येथे लागते. पाळीचा कपडा उन्हात उघड्यावर वाळत घालण्याचा संकोच असल्याने तो कोपीत ओलसरच राहतो व पुन्हा वापरला जातो. सूतिकाकाल पुरा होण्याआधी उचललेल्या मोळीने अपान दुष्ट होतो व योनिभ्रंशास वाव मिळतो. कंबरेचे दुखणे हे कित्येकदा गर्भाशयाचे नसून दिवसभर वाकून ऊस तोडण्याचे व भार वाहण्याचे असते.

खाडा पडला की मजुरी बुडते आणि उचल फेडावयाची असते. म्हणून पाळीच कायमची थांबली तर बरे, असेही काही स्त्रिया बोलून दाखवितात. हेही प्रश्नपरीक्षेतच समजते. हे समजल्यावर रुग्णेला दोष देऊ नये. तिच्यापुढे दुसरा कोणता मार्ग आहे ते सांगणे हे आपले काम आहे.

दर्शन व स्पर्शन

सर्वांगपरीक्षेने आरंभ करावा. नेत्रवर्त्म, जिव्हा, नखे व तळहात यांचा पांडुवर्ण पाहावा. नखे चपटी वा चमच्यासारखी झाली आहेत काय, पायांवर दाबल्यास खळगा पडतो काय, हे पाहावे. माती, चुना, कोळसा खाण्याची इच्छा होते काय, हे विचारावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत पांडुता आढळली होती. 'जीव गळून गेलाय' या तक्रारीचे उत्तर अनेकदा गर्भाशयात नसून रक्तात असते. नाडी व रक्तदाब नोंदवावा.

कंबरेच्या दुखण्यात कशेरुकांवर दाबून पाहावे. उताणे झोपवून पाय सरळ उचलल्यास वेदना मांडीतून खाली पायापर्यंत जाते काय, ते पाहावे. बरगड्यांखाली पाठीमागे हलकी थाप मारल्यास वेदना होत असेल तर वृक्काचा संसर्ग शोधावा. उदरपरीक्षेत बस्तिप्रदेशी दाबल्यास शूल, काठिण्य वा गाठ आहे काय, ते पाहावे. त्यापूर्वी रुग्णेस लघवी करून येण्यास सांगावे. भरलेली बस्ती गाठीचा भ्रम निर्माण करते.

यानंतर स्थानिक परीक्षा. ती रुग्णेची संमती घेऊन, काय करणार हे आधी सांगून, परिचारिकेच्या उपस्थितीत व पुरेशा प्रकाशात करावी. ज्या वैद्यास स्वतः ही परीक्षा करणे शक्य नसेल त्याने ती स्त्रीवैद्याकडून वा शासकीय रुग्णालयातून करून घ्यावी. परंतु ती न होताच निदान लिहू नये.

प्रथम खोकण्यास वा कुंथण्यास सांगून योनिभ्रंश पाहावा. नंतर योनीक्षणयंत्राने भित्तीचा वर्ण, स्रावाचे स्वरूप व गर्भाशयमुख पाहावे. पीएच पट्टीने योनीची आम्लता मोजणे स्वस्त व सोपे आहे. स्वाभाविक अंक ३.८ ते ४.५ असतो. बुरशीच्या संसर्गात तो बहुधा वाढत नाही. जीवाणूंचे संतुलन बिघडल्यास व ट्रायकोमोनासमध्ये तो ४.५ च्या वर जातो. पाळी चालू असताना वा संबंधानंतर लगेच ही चाचणी करू नये, कारण रक्त व शुक्र यांमुळेही अंक वाढतो.

गर्भाशयमुखावरील लालसर भाग पाहून 'तोंडाला जखम आहे' असे सांगण्याची पद्धत आहे. प्रजननक्षम वयात हा भाग पुष्कळदा आतील आवरण बाहेर आल्यामुळे दिसतो. ती जखमही नव्हे, कर्करोगाची पूर्वावस्थाही नव्हे. मात्र स्पर्शाने रक्त येणारा, उंचसखल, ठिसूळ भाग दिसल्यास विलंब न लावता पाठवावे. प्रशिक्षण घेतलेल्या चिकित्सकाने ५ टक्के ॲसेटिक ॲसिड लावून एक मिनिटानंतर गर्भाशयमुख पाहावे. पांढरा, स्पष्ट कडांचा डाग उमटल्यास पुढील तपासणी हवी. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी ही चाचणी सांगितलेली आहे. तक्रार असो वा नसो, आलेल्या रुग्णेची ही संधी दवडू नये.

शेवटी दोन्ही हातांनी परीक्षा. गर्भाशयमुख हलविताच तीव्र वेदना होणे व पार्श्वभागी स्पर्शासहत्व असणे हे अंतर्गत संसर्गाचे द्योतक होय. अशा रुग्णेस केवळ चूर्ण देऊन घरी पाठवू नये. प्रतिजैविकांची पूर्ण मात्रा वेळेवर न मिळाल्यास वंध्यत्व व कायमचा ओटीपोटशूल मागे राहतो.

सोनोग्राफीच्या अहवालाविषयी

अहवालातील 'गर्भाशय किंचित मोठे' या ओळीचे 'पिशवीला सूज' असे भाषांतर होते आणि सूज म्हणजे उद्याचा कॅन्सर अशी भीती घातली जाते. अनेक प्रसूती झालेल्या स्त्रीचे गर्भाशय स्वाभाविकपणेच थोडे मोठे असते. लक्षणे न देणारी लहान अर्बुदे व गर्भाशयमुखावरील लहान पाण्याच्या गाठी यांसाठी गर्भाशय काढावे लागत नाही. श्वेतस्रावाचे रूपांतर कर्करोगात होत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास एचपीव्ही या विषाणूचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग कारणीभूत असतो. याउलट तरुण वयात गर्भाशयासोबत बीजकोशही काढल्यास रजोनिवृत्ती अकाली येते, अस्थिक्षय व हृद्रोगाचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येण्याचा संभव असतो. कंबरेचे दुखणे थांबावे म्हणून शस्त्रकर्म करून घेतलेली स्त्री पुढच्या हंगामात तेच दुखणे घेऊन मोळी उचलते.

दोन रुग्णा

रुग्णा क्र. १. वय ३२, तीन अपत्ये, कुटुंबनियोजनाचे शस्त्रकर्म झालेले. चार महिन्यांपासून पांढरा स्राव, कटिशूल व थकवा. अन्यत्र पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेला. पैशासाठी शेळ्या विकण्याचे ठरले होते. प्रश्नपरीक्षेत स्राव दह्यासारखा, कंडू तीव्र, रक्त नाही, ज्वर नाही. फडावर असताना याच तक्रारीसाठी तीन वेळा प्रतिजैविके घेतलेली व प्रत्येक वेळी कंडू वाढलेली, हा अनुपशय बोलका होता. परीक्षेत भित्तीवर पांढरे थर, गर्भाशयमुख निर्दोष, पीएच ४, मूत्रात शर्करा नाही, पार्श्वभागी वेदना नाही. हिमोग्लोबिन ८.२ ग्रॅम. कटिशूल स्नायुगत.

बुरशीनाशक योनिवर्ती, पंचवल्कल क्वाथाने बाह्य प्रक्षालन, पुष्यानुग चूर्ण तंडुलोदकासह, पुनर्नवा मंडूर व शासकीय लोहगोळ्या, कटीस अभ्यंग-स्वेद आणि कपडा उन्हात वाळविण्याचा आग्रह, एवढीच योजना केली. तीन आठवड्यांत स्राव व कंडू थांबली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९ झाले. शेळ्या विकाव्या लागल्या नाहीत.

रुग्णा क्र. २. वय ४६. तक्रार तीच, शब्दही तेच. गर्दीचा दिवस होता. रुग्णेने तपासणीस संकोच दाखविला आणि आम्ही तो संकोच आमच्या सोयीचा म्हणून मान्य केला. पुष्यानुग चूर्ण व चंद्रप्रभा वटी दिली. पंधरा दिवसांनी 'थोडे बरे आहे' असे ती म्हणाली, म्हणून तेच औषध पुढे चालविले. दीड महिन्यानंतर तिच्या सुनेने बाहेर थांबून सांगितले की स्रावाला वास येतो व संबंधानंतर रक्तही जाते. त्या दिवशी यंत्राने पाहिले तेव्हा गर्भाशयमुखावर स्पर्शाने रक्त येणारी वाढ होती. तिला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठविले. पुढे किरणोपचार झाले. तो दीड महिना आमच्या हातून गेला. एक प्रश्न व पाच मिनिटांची परीक्षा पहिल्याच दिवशी झाली असती तर तो गेला नसता.

या दोन्ही रुग्णा एकाच वाक्यासह आल्या होत्या. पहिलीचे गर्भाशय अकारण गेले असते. दुसरीचा व्याधी अकारण राहिला. दोन्ही प्रमादांचे मूळ एकच : परीक्षेविना केलेला निर्णय. 'शस्त्रकर्म नको' हा आग्रह परीक्षेविना धरणारा वैद्यही 'पिशवी काढा' म्हणणाऱ्याइतकाच चुकतो.

उपसंहार

वैद्यबंधू-भगिनींना विनंती अशी की, येत्या हंगामात परतणाऱ्या प्रत्येक रुग्णेच्या केसपेपरवर पुढील सात नोंदी असाव्यात : स्राव पांढरा की लाल, कंडू-गंध-दाह, संबंधानंतर वा अवेळी रक्त, शेवटच्या पाळीची तारीख, पांडुता व हिमोग्लोबिन, गर्भाशयमुख प्रत्यक्ष पाहिले काय, पतीस लक्षणे आहेत काय. सहावी नोंद रिकामी असेल तर निदानाची जागाही रिकामी ठेवावी.

शस्त्रकर्माचा सल्ला घेऊन आलेल्या रुग्णेस शासकीय रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घेण्यास सांगावे व चिठ्ठीत आपली निरीक्षणे लिहून द्यावीत. 'पुढे पाठविले' एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीचा उपयोग होत नाही. अतिरजःस्रावाने जर्जर झालेली, औषधांनी न थांबलेली, तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेचा योनिभ्रंश असलेली वा अर्बुदाने पीडित रुग्णा असेल तर शस्त्रकर्म तिच्या हिताचेच असू शकते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

आपल्याजवळ मोठी यंत्रे नसतील. परंतु डोळे, हात आणि प्रश्न विचारण्यास लागणारा वेळ एवढे आहे. यांतील वेळ हीच गोष्ट आपण सर्वांत आधी वाचवू पाहतो आणि तिची किंमत रुग्णा भरते. या हंगामात ती आपण भरावी.